डाव्या बाजूचा आरसा

नारळ फुटला नाही. दगडावर आपटला, टणकन उडाला आणि थेट अभिमानआप्पांच्या कोऱ्या गाडीच्या डाव्या आरशावर जाऊन आदळला. काच खाली सांडली, आरशाचा डबा निखळला आणि दोन वायरींना धरून लोंबकळत राहिला. नारळाला मात्र एक चीर नाही. घरंगळत घरंगळत माझ्याच पायाशी येऊन थांबला मेला.

मी सिद्राम, फाट्यावरच्या मारुतीचा गुरव. या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली असतील. आमच्या भागात नवं वाहन घेतलं की आधी आमच्या मारुतीपुढे आणतात. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबं आणि शेवटी नारळ. नारळ फोडायची आमच्या घराण्याची रीत वेगळी. हातात धरून टेचायचा नाही. गाडीवरून तीनदा ओवाळायचा, देवळाच्या ओट्यावर चढायचं आणि तिथून खालच्या दगडावर असा आपटायचा की एका दमात दोन शकलं झाली पाहिजेत. लोक खास ते बघायला थांबायचे. मीही, खोटं कशाला सांगू, जरा तोऱ्यातच आपटायचो. त्या दिवशी तो तोरा नडला.

हलगीवाल्याचा हात थांबला. जमलेल्या माणसांतलं कुणी हसलं नाही, कुणी 'अरेरे' पण म्हणालं नाही. कारण गाडी कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. नदीतली वाळू आप्पांच्या परवानगीशिवाय हलत नव्हती, आणि हलवायला गेलेली माणसं नंतर लंगडत चालायची.

"आप्पा, चुकी झाली," मी ओट्यावरूनच हात जोडले. "भरून देतो."

त्यांचा ड्रायव्हर लतीफ हसला. "काय भरून देतोस गुरवा? बावीस हजाराची वस्तू हाय ती."

"एका आरशाचे?"

"नुसता आरसा हाय का तो? आत मोटर हाय, दिवा हाय. बटण दाबलं की आपोआप मिटतोय. पुण्याला सांगून मागवायचा. महिना तरी जातोय बघ."

माझ्या घरात तेव्हा दोन शेळ्या, एक सायकल आणि बायकोच्या गळ्यातले चार मणी. पण आप्पांचं लक्ष पैशाकडे नव्हतंच. ते खाली त्या धडधाकट नारळाकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावरचा घाम मला ओट्यावरून दिसत होता.

"डावीकडचाच फुटला," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

तिथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. आदल्याच उन्हाळ्यात आप्पांच्या धाकट्या भावाची गाडी गतिरोधकावर हळू झाली, तेव्हा मागून मोटरसायकलवर दोघं आले. तोंडं बांधलेली. मागच्या काचेतून एक गोळी घातली, मग डाव्या अंगाला येऊन दुसरी. भाऊ जागीच गेला; मारणारे कोण होते ते कधी कळलं नाही. तेव्हापासून आप्पांनी गाडीच्या मागच्या काचेला आतून जाड पत्रा ठोकून घेतला होता, नव्या गाडीलासुद्धा. त्यामुळे मागचं जे काही दिसायचं ते दोन्ही बाजूंच्या आरशांतूनच. त्यातला एक मी फोडला होता. तोही देवापुढे. तोही डावीकडचा.

"पैसे नकोत मला तुझे," आप्पा म्हणाले. "आरसा येईपर्यंत आरशाच्या जागी तू बसायचं."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलोसुद्धा थोडासा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी वाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. लतीफच्या शेजारी, डाव्या सीटवर मला बसवलं. काच खाली करायची, मान बाहेर काढायची आणि मागे बघत राहायचं. आप्पा मागच्या सीटवर मधोमध, अंग चोरून बसलेले. निघताना त्यांनी पंजा पुढे केला. "फोन दे."

"घरून काही निरोप आला तर, आप्पा..."

"आरशाला फोन येत नसतोय," ते म्हणाले आणि माझा फोन त्यांनी खिशात घातला. "आणि ऐक. आरसा जसा दाखवतोय तसं सांगायचं. दिसंल तेवढंच. 'मला वाटतंय', 'असंल', 'नसंल', हे बोलायचं नाही."

मग सुरू झालं ते. "ट्रक. ट्रक वळला. मोकळं. मोटरसायकल, एकटाच, दुधाचे कॅन. गेला पुढं. मोकळं." सकाळी नदीवर, दुपारी कोर्टात, तिथून कुणाच्या तरी मळ्यात. संध्याकाळी मला घरी सोडायचे तेव्हा मान वाकडी झालेली, डोळ्यांत धूळ आणि घसा बसलेला. कस्तुरा, माझी बायको, मिठाच्या पुरचुंडीनं मान शेकायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा.

"मारुतीची सेवा सोडून ह्या रेड्याची सेवा करायची वेळ आली. किती दिवस चालायचं हे?"

"आरसा येईपर्यंत."

"आन् आरसा आलाच नाही तर?"

"येतोय की. पुण्याला सांगितलंय."

"कुणी सांगितलंय? तुम्ही बघितलंय का सांगताना?"

नव्हतं बघितलं.

"आरसा आला तर सोडत्याल, हे तरी नक्की?"

"तसंच म्हणाले."

"बरं," ती म्हणाली आणि पुरचुंडी गरम करायला उठली. त्या 'बरं'कडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं.

पहिले काही दिवस मला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं. भीती होती, नाही असं नाही, पण ती आप्पांची होती. रस्त्याची भीती माझ्या अंगात शिरली ती एका पांढऱ्या जीपमुळे.

बाजारच्या गावाहून परत येत होतो. एक पांढरी जीप बराच वेळ मागे दिसत होती. आम्ही चहाला थांबलो तर तीही थांबली. मी माझं काम केलं. "पांढरी जीप. मघापासून मागंच हाय. थांबलो तेव्हा थांबली," असं सांगितलं. दिसलं तेवढंच. आप्पांनी फोन लावला, दोनच शब्द बोलले आणि आम्ही पुढे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी आप्पा कोर्टात गेले तेव्हा लतीफ तंबाखू मळत म्हणाला, "त्या जीपवाल्याचा उजवा हात मोडला रे."

"कोणत्या जीपवाल्याचा?"

"तू दाखवलास तो. पोरांनी अडवला त्याला. जनावरांचा डॉक्टर निघाला बिचारा. त्यालाही त्याच रस्त्यानं घरी जायचं होतं, दुसरं काय."

मी कुणाला शिवी दिली नव्हती, बोट लावलं नव्हतं. गाडीत बसून नुसतं बोललो होतो. "लतीफ, मग मी आता काय करू? बोलूच नको का?"

"न बोलून बघ की," लतीफ म्हणाला. "मागनं खरंच कुणी आलं आन् तू बोलला नाहीस, तर डावीकडची पहिली गोळी कुणाला लागतीय? तिथं कोण बसलंय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या सीटवर घामानं भिजून बसायला लागलो. मागे कुणी दिसलं की भ्यायचो, आणि कुणी दिसलं नाही की जास्तच भ्यायचो. सांगितलं तर कुणाचा तरी हात जाणार, नाही सांगितलं तर आपला जीव. रोज सकाळी मारुतीपुढे दिवा लावताना एकच मागणं मागायचो, बाबा, आज रस्ता मोकळा ठेव.

एके दिवशी दुपारी आम्ही कालव्याच्या रस्त्यानं आप्पांच्या वस्तीकडे निघालो होतो. तो रस्ता कसा, तर डाव्या हाताला सिमेंटचा कालवा आणि उजव्या हाताला ज्वारी काढून मोकळी झालेली रानं. रस्ता मातीचा, मागे नुसता धुरळा. कालव्याला पाणी सोडलेलं, काठोकाठ. त्याचे काठ एवढे गुळगुळीत की आत पडलेली म्हैससुद्धा वर येत नाही.

धुरळ्यातून एक मोटरसायकल बाहेर आली.

"मोटरसायकल," मी म्हणालो. "दोघं हायत."

"तोंडं?" मागून आप्पा.

"बांधलेली."

आप्पा सीटवर आणखी खाली सरकले. "नंबर?"

"धुरळ्यात दिसत नाही. पण जोरात यायलेत, आप्पा."

"मागचा काय करतोय?"

मी डोळे ताणले. मागच्याच्या अंगात पुरुषी चौकडीचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला घट्ट फडकं. त्यानं हात वर केला. "हात वर केलाय. हातात काहीतरी हाय. चमकतंय उन्हात."

हे मीच बोललो. आरशासारखं, दिसलं तसं.

आप्पांनी सीटखालून पिस्तूल काढलं. पण बोलले तेव्हा त्यांचा आवाज बारीक आणि चिरका झाला होता. "लतीफ, वेग कमी कर. येऊ दे त्यांना. डावीकडनंच येणार ते. बरोबरीला आले की दाब कालव्यात. गुरव सांगंल तेव्हा."

"आप्पा, पण कोण हाय ते..."

"दाब म्हणलं ना!"

लतीफनं वेग कमी केला. मोटरसायकल जवळ आली. पुढचा माणूस हॉर्नवर हॉर्न देत होता. मग त्यानं खरंच डावीकडे घेतलं, गाडी आणि कालवा यांच्या मधल्या पट्टीत, जिथं मोटरसायकलसुद्धा जेमतेमच मावत होती. आता गोळी येणार आणि पहिली मलाच लागणार, एवढंच डोक्यात होतं. 'आले' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात वाऱ्यावरून आवाज आला. "अवं! अवं, थांबा की!"

लग्न झाल्यापासून कस्तुरानं कधी माझं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. जीव जायची वेळ आली तरी ती 'सिद्राम' म्हणणार नाही. तशी 'अवं' म्हणणारी बाई घरोघरी आहे, पण तो चिडका, वरच्या पट्टीतला 'अवं' जगात एकीचाच. मी पुन्हा बघितलं. चौकडीचा शर्ट साडीवरून घातलेला होता, रानात कामाला जाताना बायका घालतात तसा. वर केलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. गाडी चालवत होता तिचा भाऊ नागनाथ.

"कुठं हायत?" लतीफ ओरडला. "सांग!"

"बोल रे गुरवा!" आप्पा माझ्या कानात किंचाळले.

त्यांची मोटरसायकल माझ्या दारापासून हातभर मागे होती. नागनाथचा पाय कालव्याच्या काठाला घासत होता. 'थांबवा, माझी बायको हाय' असं म्हणायला पाहिजे होतं. पण तेवढं बोलून होईपर्यंत, त्यांना ते पटेपर्यंत, ती पाण्यात गेली असती.

"उजवीकडं!" मी ओरडलो. "उजवीकडनं आले! उजवीकडं दाब!"

लतीफनं स्टिअरिंग गरकन उजवीकडे फिरवलं. गाडी रस्त्यावरून उतरली, ज्वारीच्या धसकटांवरून धाडधाड उडत गेली आणि काळ्या ढेकळांत रुतून बंद पडली. माझं कपाळ पुढं आदळलं.

मग आप्पा दार उघडून खाली उतरले. पिस्तूल हातात. मीही कसाबसा उतरलो. रस्त्यावर मोटरसायकल थांबली होती आणि कस्तुरा ढेकळं तुडवत, तोंडाचं फडकं सोडत, सरळ आमच्याकडे येत होती. पिस्तूल तिच्यावर रोखलेलं होतं. तिला ते दिसत नव्हतं असं कसं म्हणू? दिसत होतं. तरी येत होती. मी पुढे व्हायला पाहिजे होतं, पण गाडीच्या दाराआडच उभा राहिलो. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

"गोळी घालायचीय तर घाला," ती म्हणाली, "पण आधी हे बघा." तिनं हातातली वस्तू पुढे धरली. आरसा होता तो. अख्खा, डब्यासकट. गाडी पांढरीशुभ्र आणि हा डबा लालभडक. "सोलापूरच्या भंगार बाजारात धुंडाळून काढलाय. असल्याच ठोकलेल्या गाडीचा हाय, पण काचेला चरा नाही. आतली मोटरबी फिरतीय, लावून बघितलीय. वस्तीवर शिरलात की फाटकाच्या आत आम्हाला कोण घेतंय? म्हणून रस्त्यातच गाठलं. आता माझा माणूस सोडा."

आप्पांचं पिस्तूल हळूहळू खाली आलं.

"किती पडले?" त्यांनी विचारलं.

"दोन शेळ्या."

आप्पांनी खिशात हात घातला.

"पैसे नकोत," कस्तुरा म्हणाली. "फिटलं म्हणा."

"काय?"

"फिटलं असं म्हणा. तोंडानं. हे तिघं ऐकत्यात."

आप्पांना असं काही म्हणायला लावणारं माणूस त्या तालुक्यात दुसरं नसेल. मी डोळे मिटून घेतले. आता काहीतरी होणार.

आप्पा माझ्याकडे वळले. "तू उजवीकडं म्हणालास."

"हो, आप्पा."

"बायको होती म्हणून."

"हो."

"आन् बायको नसती तर? दुसरंच कुणी असतं तर?"

मी मान खाली घातली. दुसरं कुणी असतं तर 'आले' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. भंगारवाला असता, नवराबायको असते, कुणाची पोरगी असती, तरी मी तो बोललोच असतो. आप्पांना ते कळलं आणि मलाही.

"फिटलं," आप्पा म्हणाले. खिशातून माझा फोन काढून त्यांनी ढेकळांवर टाकला.

नागनाथ आणि लतीफनं धक्का मारला, मीही मारला. चाकं मोकळी झाली. धक्का मारताना लतीफ माझ्या खांद्याला खांदा लावून होता. खाली मान घालून, ओठ न हलवता तो म्हणाला, "गुरवा, माझ्या बाजूचा आरसा फुटला नव्हता."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. उजवीकडे कुणी नव्हतं हे त्याला दिसत होतं. दिसत असून त्यानं गाडी उजवीकडे घातली होती. त्याला माझी बायको दिसली नव्हती, 'अवं' ऐकू आलं नव्हतं. माझ्या तोंडून असा काही शब्द निसटायची तो वाटच बघत असावा. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

"लतीफ," आप्पांनी हाक मारली, "तुला काहीच दिसलं नाही?"

"धुरळा होता, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. त्यांनी लाल आरसा घेतला आणि मागे न बसता पुढचं डावं दार उघडलं, माझ्या जागेचं. त्या दाराशी ते थांबले. रस्त्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"सिद्राम, ह्यांच्या मागनं दुसरं कुणी नव्हतं ना रे?"

मी रस्त्यावर नजर टाकली. धुरळा खाली बसला होता. लांबवर वळणापर्यंत चिटपाखरू नव्हतं.

"नाही, आप्पा. कुणी नाही. मोकळं हाय."

अगदी खरं सांगितलं होतं मी. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग लतीफच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन्हीकडे त्यांना भरवसा ठेवावा असं काही सापडलं नाही. ते गाडीत बसले. काच खाली केली. तो आरसा मांडीवर घेतला आणि मान बाहेर काढून मागे बघायला लागले.

गाडी निघाली. कस्तुरानं माझा हात घट्ट धरला होता. रस्ता वळेपर्यंत आप्पांचं टक्कल खिडकीबाहेर दिसत होतं. ते आमच्याकडेच बघत होते.